उंच पिवळा कोनफ्लॉवर दरवर्षी आडवा पडतोय? आधी तो कुठून वाकलाय ते बघा

जुलै सरत येतो. झाड सहा-सात फुटांवर गेलेलं असतं, पहिली फुलं उमललेली असतात, आणि नेमका त्याच आठवड्यात रात्री वादळी पाऊस होतो. सकाळी बघावं तर अर्धे दांडे लॉनवर आडवे, अर्धे शेजारच्या फ्लॉक्सच्या अंगावर. मग गराजमधून मिळेल ती काठी आणायची, सगळा झुपका एका दोरीने आवळून टाकायचा, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. शिकागोच्या आसपास बाग करणाऱ्या आपल्या मंडळींकडून उन्हाळ्यात मला हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तिच्या पाठोपाठ दोन प्रश्नही ठरलेले असतात: झाडाला काही रोग झालाय का, आणि ते उपटून टाकू का?

उपटू नका. बहुतेक वेळा झाड अगदी ठणठणीत असतं. त्याला खतपाणी गरजेपेक्षा जास्त झालेलं असतं, किंवा ऊन कमी पडत असतं, किंवा झुपका जुना होऊन दाटलेला असतो, किंवा आजूबाजूला टेकायला काही नसतं. यातलं आपल्याकडे काय घडलंय ते पडलेल्या झाडावरूनच ओळखता येतं. उपायाची वेळ मात्र एप्रिल-मेची. ऑगस्टमध्ये आपण फक्त सावरासावर करू शकतो. दरवर्षी तीच पंचाईत होते ती यामुळेच: आठवण येते ती झाड पडल्यावर, आणि तोवर हंगाम निघून गेलेला असतो.

झाड नक्की कोणतं आहे?

या एकाच नावाखाली नर्सरीत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून दोन वेगळी झाडं मिळतात. दोघांच्या गरजा जवळजवळ उलट आहेत, म्हणून आधी हे पक्कं करून घ्या.

पहिलं रुडबेकिया लॅसिनिएटा. पानं खोलवर कापलेली, तीन ते सात भागांची. दांडा गुळगुळीत. फुलाचा मधला गोल भाग हिरवट पिवळा आणि पाकळ्या खाली झुकलेल्या. उंची ३ फुटांपासून ९ फुटांपर्यंत कितीही. हे मूळचं उत्तर अमेरिकेतलंच, पण ओढ्याकाठचं, नदीच्या पुराच्या गाळातलं, ओलसर रानाच्या कडेचं. पायाशी ओल असेल तर खुशीत, नाहीतर कुरकुरतं.

दुसरं रॅटिबिडा पिनाटा. हे प्रेअरीचं, म्हणजे इथल्या गवताळ माळाचं झाड. पानांची पाती अरुंद, अंगावर बारीक खरखरीत लव. फुलाचा मधला भाग आधी राखाडी हिरवा, नंतर तपकिरी, आणि पाकळ्या अगदी सरळ खाली लोंबणाऱ्या. हा मधला भाग बोटांत चुरगळला की बडीशेपेच्या जातीचा वास येतो. ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. उंची ३ ते ५ फूट. याला कोरडी, निकस जमीन मानवते. काळ्या कसदार मातीत, कंपोस्ट घालून लावलं की हेच झाड मान टाकतं.

ओळखीतल्या कुणी "आमच्याकडचं घे, खूप पसरलंय" म्हणून गड्डा काढून दिला असेल आणि फुलं झेंडूसारखी भरगच्च येत असतील, तर ती पहिल्या झाडाचीच जुनी दुहेरी जात आहे: हॉर्टेन्सिया, जिला इथे गोल्डन ग्लो म्हणतात. जुन्या फार्महाउसांच्या आवारात, घराबाहेरचा संडास झाकायला ही हमखास लावलेली असायची. फूल देखणं, पण पावसाचं पाणी पाकळ्यांच्या थरांत साठून राहतं आणि जड झालेला शेंडा दांड्याला खाली ओढतो. लोळण्याच्या बाबतीत ही सगळ्यांत पुढे. तुमच्याकडे हीच असेल तर आधाराशिवाय उभी राहील अशी आशा धरू नका, खाली सांगितलेला आधार मेमध्येच द्या.

बुडापाशी बसून बघा

पडलेलं झाड लगेच बांधू नका. वाफ्याजवळ खाली बसा, पानं बाजूला सारा आणि दांडे जमिनीतून निघतात तिथून वरपर्यंत नजर फिरवा.

झुपका मधून उघडलाय, दांडे चहूबाजूंना बाहेर कलंडलेत, मधे नुसती जुनी लाकडासारखी बुडखी आणि मोकळी माती दिसतेय: झुपका म्हातारा झालाय. नवे कोंब दरवर्षी बाहेरच्या कडेने येतात, मधला भाग मरत जातो आणि कडेच्या दांड्यांना आतून टेकू उरत नाही. याला विभागणीखेरीज इलाज नाही, काठ्या कितीही लावा.

झुपका भरलेला आहे, मधे टक्कल नाही, पण दांडे धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. आता एक दांडा जमिनीपासून वीतभर उंचीवर अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. चांगला दांडा कडक लागतो, दाबला जात नाही. तुमचा मऊ, पाणचट लागत असेल, एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचं अंतर लांबलचक असेल आणि पानं गर्द हिरवी, मोठाली असतील, तर खत किंवा पाणी किंवा दोन्ही जास्त झालंय.

सगळे दांडे एकाच बाजूला झुकलेत, जणू कुणी ढकललेत. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी तीनच्या सुमारास सावली कुठे पडते ते बघा. कुंपण, घराची भिंत किंवा गेल्या काही वर्षांत वाढलेलं मेपल उजेड अडवत असणार आणि झाड उजेडाकडे मान काढतंय. रोज सहा तास सरळ ऊन मिळत नसेल तर हा झुकाव दरवर्षी राहणार. लावताना ऊन होतं हा युक्तिवाद चालत नाही. झाडं वाढतात, सावल्या सरकतात.

दांडा मधेच मोडलाय आणि मोडलेली जागा बरोबर दोरीपाशी आहे: बांधणी चुकली. एकाच उंचीवर घट्ट आवळलेल्या झुपक्याचा वरचा भाग वाऱ्यात हलतो, खालचा हलत नाही, आणि काचलेल्या जागी दांडा तुटतो.

एकच दांडा वरून मलूल, बाकीचे ताठ: त्या दांड्यावर बारीक भोक आणि भोकाशी भुशासारखी विष्ठा शोधा. सापडली तर आत खोडकिडा आहे. हिरवा निरोगी भाग लागेपर्यंत दांडा खाली कापा, कापलेला तुकडा पिशवीत बंद करून कचऱ्यात टाका. फवारणीचा इथे उपयोग होत नाही, अळी आत सुरक्षित असते.

हात लावला की झाड मुळासकट हलतं, हे बहुतेक त्याच वर्षी लावलेल्या झाडात दिसतं. आपल्याकडची चिकण माती भिजली की मऊ होते, आणि कुंडीतला मुळांचा गोळा तसाच खड्ड्यात ठेवला असेल तर मुळं बाहेरच्या मातीत शिरलेलीच नसतात. गोळा सोडवून, मुळं मोकळी करून शरद ऋतूत पुन्हा लावा.

आणि शेवटचं, जे पडणं नव्हेच: दुपारी झाड माना टाकतं आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतं. ती तहान आहे. रुडबेकियाची पानं मोठी, बाष्पीभवन जास्त. सलग काही दिवस असं झालं आणि खालची पानं कडेने करपायला लागली, तर पाणी खोलवर पोचत नाहीये.

खतपाण्याचं प्रकरण

आपल्या लोकांच्या बागांत मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच, म्हणून यावर जरा थांबतो. आपण प्रेमाने बाग करतो आणि प्रेम खताच्या रूपाने बाहेर येतं. टोमॅटो, मिरची, दोडक्याला जे घालतो तेच उरलेलं फुलझाडांनाही. पण ज्वारीचं काय होतं आठवा: युरिया जास्त झाला, वर पाणीही भरपूर मिळालं की ताटं उंच जातात आणि कणसं भरायच्या वेळी वाऱ्याच्या एका झोताने रान लोळतं. नत्राने दांड्याची लांबी वाढते, पण तेवढ्या घाईत त्यात कडकपणा भरत नाही. कोनफ्लॉवरचं गणित हेच आहे.

कित्येकदा खत आपण घातलेलंही नसतं. लॉनला खत देणाऱ्या माणसाचं यंत्र दाणे चार-पाच फूट उडवतं, आणि वाफ्याच्या लॉनकडच्या बाजूला ते सर्रास पडतात. झुपक्याची नेमकी तीच बाजू जास्त उंच आणि जास्त लोळणारी असेल तर शंका घ्यायला हरकत नाही. त्यांना वाफ्यापासून लांब राहायला सांगा, किंवा त्या दिवशी कडेला ताडपत्री अंथरा.

मग द्यायचं काय? वसंतात कुजलेल्या पानांचा इंचभर थर, बस. गोळीखत नको, द्रवखत नको. चिकण मातीत मुळातच अन्नद्रव्यं पुरेशी असतात.

पाण्याचंही तसंच. रोज दहा मिनिटं चालणारा स्प्रिंकलर वरची दोन इंच माती ओली ठेवतो, मुळं तिथेच घुटमळतात, आणि वादळात झाडाला धरून ठेवायला खाली काही नसतं. पाऊस धरून आठवड्याला साधारण इंचभर पाणी पुरतं, तेही एकाच वेळी, सावकाश, बुडाशी. वर दोन-तीन इंच लाकडी भुग्याचं किंवा पानांचं आच्छादन असू द्या, पण दांड्यांना चिकटवून नको. रॅटिबिडा असेल तर दुसऱ्या वर्षापासून कोरड्या उन्हाळ्याखेरीज पाणी दिलं नाही तरी चालतं, किंबहुना न दिलेलंच बरं.

मेच्या अखेरची छाटणी

एकच उपाय करायला वेळ असेल तर हा करा. मेचा शेवटचा सोमवार, म्हणजे मेमोरियल डे, ही लक्षात ठेवायला सोपी तारीख. तोवर झाड गुडघ्याच्या वर, कधी कंबरेपर्यंत आलेलं असतं आणि कळ्यांचा पत्ता नसतो. धारदार सिकेटर घ्या आणि प्रत्येक दांडा एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कापा. कापायची जागा पानाच्या लगेच वर. या झाडाची पानं समोरासमोर नसतात, एकाआड एक निघतात, त्यामुळे कोणत्या पानावर थांबायचं हा हिशेब अवघड नाही: ठरवलेल्या उंचीजवळचं धडधाकट पान निवडा आणि त्याच्या लगेच वर कापा. थोड्याच दिवसांत त्या आणि खालच्या पानांच्या बगलेतून फांद्या फुटतात.

कापताना हात थरथरतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. इतकं जोमदार झाड आणि त्याचा शेंडाच उडवायचा! पण एका लांब दांड्याच्या जागी आखूड, जाड, फांद्या फुटलेला दांडा मिळतो, झाड दोनेक फुटांनी बुटकं राहतं आणि फुलांचं वजन विभागलं जातं. फुलं थोडी लहान येतात, पण संख्येने जास्त. बहर दोन-तीन आठवडे पुढे जातो, आणि इथे आपला एक फायदा आहे. न कापलेलं झाड जुलैत फुलून गणपतीपर्यंत थकलेलं असतं, कापलेलं झाड ऑगस्टच्या मध्यापासून भरात येतं. ऑगस्टच्या शेवटी गणपती आले काय किंवा सप्टेंबरच्या मध्याला आले काय, घरच्या वाफ्यातली पिवळी फुलं हाताशी असतात. फुलदाणीतही ही चांगली टिकतात.

सगळे दांडे एकाच मापाने कापायची गरज नाही. पुढच्या रांगेतले निम्म्याने, मधले एक तृतीयांशाने, मागचे तसेच, असं केलं तर बहर लांबतो आणि पुढचे आखूड दांडे मागच्यांना टेकू देतात.

दोन ठिकाणी मात्र ही छाटणी करू नका. त्याच वर्षी लावलेल्या रोपाला तिची गरज नसते, त्याला मुळं धरू द्या. आणि जून कोरडा जाणार अशी लक्षणं असतील, झाड आधीच तहानलेलं असेल, तर कापून आणखी ताण देऊ नका. उशीर झाला असेल तर जूनच्या मध्यापर्यंत हलकी छाटणी चालते. कळ्या दिसायला लागल्यावर कात्री बाजूला ठेवा.

आधार: झाड लहान असताना

टोमॅटोचा गोल पिंजरा या झाडाला पुरत नाही. त्याची उंची तीन-चार फूट, पाय लेचेपेचे, आणि सात फुटी झाडाच्या वजनाने पिंजऱ्यासकट सगळं कलंडतं.

सगळ्यात चांगला आधार शेजाऱ्यांचा. माळावर रॅटिबिडा उभं राहतं कारण चहूबाजूंनी ब्लूस्टेमसारखं उंच गवत त्याला धरून असतं. ओढ्याकाठच्या रुडबेकियाभोवती जो-पाय वीड, आयर्नवीड अशी तितकीच उंच झाडं दाटीने असतात. आपण त्याला आच्छादनाच्या मोकळ्या पट्ट्यात एकटं उभं करतो आणि ताठ राहण्याची अपेक्षा ठेवतो. स्विचग्रास, न्यू इंग्लंड अॅस्टर, जो-पाय वीड यांतलं काहीतरी दीड-दोन फुटांवर दोन्ही बाजूंना लावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून काठ्यांची गरज बरीच कमी होते.

तोवर काठ्या. झाड फूट-दीड फुटाचं असतानाच झुपक्याच्या कडेने चार-पाच काठ्या ठोका, सहा ते सात फुटी, त्यातल्या दीड-दोन फूट जमिनीत. जाड बांबू किंवा लोखंडी सळई चालेल. जमिनीपासून दोन फुटांवर एक आणि चार फुटांवर दुसरी, अशा दोन फेऱ्या सुतळीच्या घाला, आणि आतून एका काठीपासून समोरच्या काठीपर्यंत आडव्या सुतळ्या ओढून जाळं करा. दांडे त्या चौकोनांतून आपोआप वर येतात आणि महिन्याभरात आतलं सगळं पानांनी झाकून जातं.

एखादा दांडा स्वतंत्र बांधायचा असेल तर दोरी काठीला घट्ट आणि दांड्याला सैल, मधे एक पीळ, म्हणजे इंग्रजी आठाचा आकार. दांड्याभोवती बोट शिरेल एवढी जागा हवी. यासाठी जुन्या सुती साडीच्या किंवा ओढणीच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या सुतळीपेक्षा चांगल्या: काचत नाहीत, ओल्या झाल्या तरी आवळत नाहीत, आणि पानांत मिसळून जातील असा हिरवा किंवा पिवळा रंग निवडता येतो.

आत्ता, ऑगस्टमध्ये पडलंय तर

पाऊस थांबून पानं वाळेपर्यंत थांबा; ओल्या पानांचं वजन असताना उचललं तर दांडे मोडतात. मग दोन-दोन, तीन-तीन दांडे वेगळे उचलून वेगवेगळ्या काठ्यांना बांधा. पूर्ण उभे करायचा हट्ट नको. काही दिवस जमिनीवर राहिलेल्या दांड्याचा शेंडा उजेडाकडे वर वळलेला असतो, त्याला जबरदस्तीने सरळ केलं की तो तुटतो. अर्धवट तिरपा बांधला तरी फुलं येतात. मोडलेले दांडे कापून फुलदाणीत ठेवा. आणि कॅलेंडरवर एप्रिल आणि मेच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा, विभागणी करायची की छाटणी.

लोळण्याबरोबर येणाऱ्या इतर तक्रारी

लाल मावा. जूनपासून कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांवर गडद लाल रंगाचे बारीक किडे इतके दाटीने बसतात की देठाचा हिरवा रंगच दिसत नाही. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. ही रुडबेकिया आणि त्याच्या जवळच्या झाडांवर येणारी माव्याची ठरावीक जात आहे, तुमच्या गुलाबावर किंवा वांग्यावर ती उडी मारणार नाही. जवळून बघा: मधे पांढरी टरफलं दिसतात ती माव्याने टाकलेली कात, आणि एखादा फुगलेला, तपकिरी, निश्चल मावा दिसला तर त्याच्या आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढतेय. लेडीबगच्या काळ्या-नारिंगी अळ्याही तिथेच फिरत असतात. म्हणजे काम सुरू झालंय. जोमदार झाडाचं माव्याने फारसं बिघडत नाही. फारच झालं तर सकाळी पाईपने जोराचं पाणी शेंड्यावर मारा, एका हाताने देठ मागून धरून. दोन-तीन दिवसांआड केलं की संख्या उतरते. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून फवारू नका, पानं भाजतात. आणि उमललेल्या फुलांवर कुठलंच कीटकनाशक नको, तिथे दिवसभर भुंगे आणि मधमाश्या असतात.

भुरी. ऑगस्टमध्ये खालच्या पानांवर पांढरी पूड. पायाशी कोरडी माती आणि झुपक्यात हवा खेळत नाही, अशा ठिकाणी जास्त. झाड मरत नाही, फक्त वाईट दिसतं. खालची खराब पानं काढा, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कोंब वीतभर असताना त्यातले तिसरा हिस्सा बुडातून काढून विरळणी करा. दांडे जाड होतात, हवा फिरते, लोळणंही कमी होतं.

मेअखेर ते जून पानांवर गोल, काळपट, खोलगट ठिपके पडले तर बुरशीनाशक आणायला धावू नका. पिवळ्या अंगावर चार काळ्या रेघा असलेला एक ढेकूण पानातला रस शोषतो, त्याचे ते डाग. वर्षातून त्याची एकच पिढी होते, जुलैत तो नाहीसा होतो आणि नवी पानं स्वच्छ येतात. काटेरी काळ्या अळ्या घोळक्याने पानांची जाळी करत असतील तर त्या बहुधा सिल्व्हरी चेकरस्पॉट फुलपाखराच्या आहेत. राहू द्या, झाड पुन्हा पालवतं.

एक दुखणं मात्र गंभीर आहे. पाकळ्या पिवळ्या होण्याऐवजी हिरव्याच राहतात, फुलाच्या मधून छोट्या पानांचे झुबके निघतात, सगळं फूल वेडंवाकडं. हा अॅस्टर यलोज. तुडतुडे तो पसरवतात आणि त्याला औषध नाही. तेवढंच फूल कापून भागत नाही, अख्खं झाड मुळासकट काढा, नाहीतर शेजारचे अॅस्टर, एकिनेशिया, गाजरंसुद्धा धोक्यात येतात.

पसरणं आणि विभागणी

रुडबेकिया जमिनीखालच्या मुळकांडांनी सरकतं. ओलसर, कसदार जागी वेगाने, कोरड्या जागी सावकाश. तीन-चार वर्षांनी एकदा, एप्रिलमध्ये कोंब तीन-चार इंचांचे झाले की, मातीला वाफसा आलेला बघून सगळा झुपका उचला. हा वाफसा महत्त्वाचा: मूठभर माती दाबून पाहा, गोळ्यातून पाणी सुटत असेल किंवा गोळा फुटतच नसेल तर थांबा. ओल्या चिकण मातीत फावडं घातलं की ढेकळं विटेसारखी वाळतात आणि पुढे वर्षभर त्रास देतात. धारदार फावड्याने झुपक्याचे भाग करा, कडेचे चार-पाच कोंब असलेले तुकडे ठेवा, मधला लाकडी भाग टाकून द्या, आणि दोन-अडीच फुटांच्या अंतराने लावा.

विरळणीत निघालेले कोवळे कोंब फेकायच्या आधी एक सांगायला हवं. चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची वसंतातली पालेभाजी आहे, ते तिला सोचान म्हणतात. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कमध्ये ती खुडायचा हक्क ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी इंडियन्सना २०१९च्या कराराने परत मिळाला. ते कोवळी पानं शिजवून खातात. ओळख शंभर टक्के पक्की असेल आणि वाफ्यात कधी फवारणी झालेली नसेल तरच या वाटेला जा. वाढलेली झाडं गुराघोड्यांना बाधतात असा अनुभव आहे, तेव्हा मोठी पानं नकोतच.

आणि हे वाचणारे कुणी जपानमध्ये असतील तर हे झाड लावू नका. तिथे ते रानात पसरून स्थानिक वनस्पतींना हटवतं, म्हणून कायद्याने लागवडीला बंदी आहे. मध्य युरोपातही नदीकाठांवर त्याने असाच उच्छाद मांडलाय. जर्मनी, चेकियाकडच्या मंडळींनीही विचार करावा.

जागाच जुळत नसेल तर

ऊन चार तासांवर येत नसेल तर झाड हलवा, दुसरा मार्ग नाही. ऊन भरपूर पण जमीन कोरडी आणि पाणी देणं होत नसेल, तर रुडबेकिया काढून रॅटिबिडा लावा, खत न घालता, गवताच्या संगतीत. ओल आहे, ऊन आहे, पण जागा लहान, तर गोल्डक्वेल ही दुहेरी जात तीन फुटांच्या आसपास राहते. उंची हवीच असेल आणि एकेरी फूल चालणार असेल तर हर्ब्स्टसोन घ्या. सहा-सात फूट जाते, पण हॉर्टेन्सियापेक्षा दांडा पुष्कळ मजबूत. तिला ऑटम सन नावानेही विकतात.

पुण्या-नाशिककडून कुणी विचारलं तर मी हे झाड सुचवत नाही. याला हिवाळ्याची खरी गोठवणारी विश्रांती लागते. तिकडे रुडबेकिया हिर्टा, म्हणजे तपकिरी डोळ्याची बुटकी जात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरून हिवाळी फुलझाड म्हणून छान येते, आणि ती लोळतही नाही.

बहर संपल्यावर दांडे कापू नका. एकेरी फुलांच्या बिया गोल्डफिंच पक्षी थंडी पडेपर्यंत टिपतात. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये फूट-दीड फुटाचे खुंट ठेवून वरचं कापा. काही रानमाश्या पोकळ दांड्यांत अंडी घालतात, त्यांना ते उपयोगी पडतात. बी धरायचं असेल तर फुलाचा मधला भाग वाळून तपकिरी झाल्यावर घ्या, आणि पेरण्याआधी ओलसर वाळूत मिसळून महिना-दोन महिने फ्रीजमध्ये ठेवा. किंवा नोव्हेंबरमध्ये बाहेरच कुंडीत पेरून बर्फाखाली राहू द्या. हॉर्टेन्सियाच्या बियांच्या भरवशावर राहू नका. ती हवी असेल तर एप्रिलमध्ये ज्यांच्याकडे पसरलीये त्यांच्याकडून गड्डा मागून घ्या.